उजव्या हाताची अनामिका

शनिवार, ८ ऑगस्ट २०४३. दुसऱ्या शनिवारची सुट्टी. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी बांगड्यांना हळद-मीठ चोळता चोळता जॉयस रुमावने एक चुकीचा स्वर ऐकला आणि तिचा हात थांबला.

स्वर चुकीचा आहे हे तिला कळले, हेच नवीन होते. पलीकडच्या खोलीत तिचा नवरा मेल्विन क्लॅरिनेट वाजवत होता. मेल्विन जॅझ वाजवायचा, आणि जॅझमध्ये कोणता स्वर चुकून आला, कोणता मुद्दाम आणला, याचा निवाडा करणे जॉयसने लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडून दिले होते. तिथे धून जागेवर सुचते; कागदावर काही नसते, त्यामुळे ताडून बघायलाही काही नसते. पण या वेळी तो हात मोकळा करायला वाजवत होता तो पास्कू मास्तरांचा मयताचा मार्च. वसईतल्या त्यांच्या गावात धर्मग्रामाच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, बँडसाठी मास्तरांनी १९७१ साली लिहिलेली रचना. तेव्हापासून गावातले प्रत्येक मयत याच सुरांवर घरापासून चर्चपर्यंत गेले होते. एकोणीस वर्षांची असताना जॉयसही वडिलांच्या शवपेटीमागून याच मार्चवर चालली होती. तिला कोणतेच वाद्य येत नव्हते, पण मार्च ती पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत गुणगुणू शकायची. तिसऱ्या ओळीत धून उतरत उतरत मधल्या ‘रे’वर टेकते. मेल्विन एक स्वर वर, बँडवाल्यांच्या डो-रे-मि मधल्या ‘मि’वर थांबला.

ओळ परत आली. परत ‘मि’.

तीन वाजता तो जेवायला बाहेर आला तेव्हा तिने सहज विचारले, मार्च बदललास का. मेल्विन हसला. म्हणाला, बदलला तर पास्कू मास्तर कबरीतून उठून छडी मारतील. लिहिलाय तसाच वाजवला, स्वतःच्या कानांनी ऐकलाय.

तो खोटे बोलत नव्हता. त्याने खरोखरच ‘रे’ ऐकला होता.

मेल्विन तेव्हा चोपन्न वर्षांचा होता. इरावती सामंत ही पियानोवादक त्याची जोडीदार. इरावती लहानपणापासून पाश्चात्त्य अभिजात संगीत, म्हणजे कागदावर लिहिलेले, शिकत आलेली. मेल्विन बँडमध्ये वाजवता वाजवता जॅझकडे सरकलेला. मुंबईत दोघांनी नऊ वर्षे एकत्र वाजवले. २०३६ मध्ये इरावती स्वीडनमधल्या गोथेनबर्गला शिकवायला गेली आणि जोडी थांबली. भांडण काही नव्हते, अंतर होते. वसईहून तिकडे आवाज पोचायला सेकंदाचा सुमारे दहावा भाग लागतो. बोलताना तो जाणवत नाही. एकत्र वाजवताना मात्र पंचवीस-तीस सहस्रांश सेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला की दोघेही एकमेकांची वाट बघू लागतात आणि लय मंदावत जाते. सिग्नलचा वेग प्रकाशापेक्षा वाढवता येत नाही, म्हणून हा प्रश्न कायमचा मानला जात होता.

‘पूर्वनाद’ या यंत्राने तो दुसऱ्या टोकाकडून सोडवला. बोट हलण्याआधी साधारण पाव सेकंद मेंदूत त्या हालचालीची जुळवाजुळव सुरू झालेली असते. आधी ठरते काय वाजवायचे. मग ठरते कसे, म्हणजे कोणते बोट किती दाबायचे, किती उचलायचे. कपाळाभोवती बांधायच्या पट्टीतले चुंबकीय संवेदक यातला पहिला टप्पा पकडत आणि तोच पुढे धाडत. वसईत बोट हलायच्या क्षणी गोथेनबर्गमध्ये तो स्वर वाजे, मेल्विनच्याच क्लॅरिनेटच्या आधी नोंदवून ठेवलेल्या आवाजात. लिहिलेल्या संगीताला एवढा खटाटोप लागत नाही. पुढचा स्वर कागदावरच असतो. जॅझवाल्याचा पुढचा स्वर फक्त त्याच्या डोक्यात असतो, आणि तोही जेमतेम पाव सेकंद आधी.

फेब्रुवारी २०४२ मध्ये कंपनीने मेल्विनच्या घरी यंत्र बसवले. तीन आठवडे त्याच्याकडून सरगमी वाजवून घेऊन त्याचा मेंदू शिकून घेतला. मग रोज दुपारी दीड वाजता, तिकडे सकाळ असताना, जोडी पुन्हा वाजवू लागली.

एक बारीक अट होती. दोघांच्या कानांत एकच आवाज हवा. म्हणून मेल्विनच्या हेडफोनमध्येही त्याचा खरा क्लॅरिनेट येत नसे, यंत्राने वाजवलेला येई. क्लॅरिनेटचा आवाज दातांतून आणि जबड्यातूनही डोक्यात शिरतो. तो पुसण्यासाठी हेडफोन उलटी लाट सोडत. मेल्विनला हा आवाज आवडला. स्वच्छ होता. पुढे तो एकट्याचा सरावही पट्टी आणि हेडफोन लावूनच करू लागला. बँड त्याने केव्हाच सोडला होता, आणि कार्यक्रमही आता पूर्वनादवरूनच होत. परिणामी दीड वर्षात मेल्विनचा खरा क्लॅरिनेट ऐकणारी माणसे दोनच उरली होती. एक जॉयस. दुसरा शेजारच्या ओट्यावर बसणारा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा बस्त्याव काका.

जॉयस केळीची रोपे तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत पर्यवेक्षक होती. हजारो सारख्या रोपांतून वेगळे निघालेले रोप ओळखून बाजूला काढणे हे तिचे काम. एकदा वेगळे दिसले की ते नीट तपासल्याशिवाय तिला चैन पडत नसे. सोमवार ते शनिवार ती जेवायच्या सुट्टीत स्कूटरने घरी आली, स्वयंपाकघराच्या खिडकीत फोन ठेवला आणि मार्च नोंदवला. सहा दिवसांत तिसरी ओळ बारा वेळा आली. अकरा वेळा ‘मि’. एकदा ‘रे’, तोही फुसका.

शनिवारी ती बस्त्याव काकाकडे गेली. त्याने बँडमध्ये चाळीस वर्षे मोठा ढोल वाजवला होता. फोनवरचे ऐकून त्याला काहीच नवल वाटले नाही.

“हे तर गेल्या वर्षीच्या चर्चच्या सणापासून चाललंय,” तो म्हणाला. “मला वाटलं, साहेब आता मयतालाही जॅझ लावतायत. म्हटलं, आपण कोण बोलणार? आपण ढोलवाले.”

जॉयस घरी आली आणि हिशेब मनातल्या मनात उलटा मांडू लागली. मार्चमधला स्वर चुकत असेल, तर रोज दीड ते तीन जे वाजते त्यातले किती चुकत असेल? बंद दारातून तिला नेहमी अर्धेच ऐकू येई. पियानो हेडफोनमध्ये असायचा. बाहेर फक्त क्लॅरिनेट आणि मधल्या शांतता, दुसऱ्याचे फोनवरचे बोलणे कानावर पडावे तशा. त्यातले वेडेवाकडे स्वर तिने इतके दिवस त्या न ऐकू येणाऱ्या पियानोच्या खात्यावर टाकले होते.

सोमवारी तिने प्रयोगशाळेतून इरावतीला फोन लावला. कारण सांगितले नाही. मेल्विन हल्ली कसा वाजवतो, एवढेच विचारले. इरावती जे बोलली ते बऱ्याच दिवसांचे साठलेले होते. मुंबईत असताना त्यांची एक रीत होती. एकाचा स्वर निसटला तर दुसऱ्याने तोच निसटलेला स्वर उचलून पुढे न्यायचा. त्यांच्या निम्म्या धुना अशाच झाल्या होत्या. गेल्या वर्षभरात उचलण्यासारखे काही आलेच नव्हते.

“तो चुकतच नाही, वहिनी,” इरावती म्हणाली. “मला वाटलं, माझ्याशी सांभाळून वागायला लागलाय. परक्या माणसाबरोबर वाजवतात तसं.”

नोव्हेंबरमध्ये भेटलो की विचारणार होते, असेही ती म्हणाली. नोव्हेंबरमध्ये म्हणजे १५ तारखेचा गोथेनबर्गमधला कार्यक्रम. चारशे खुर्च्यांचे सभागृह, दोघे एका रंगमंचावर, सात वर्षांत पहिल्यांदा. मध्ये यंत्र नाही. मेल्विनने जुलैतच होकार दिला होता आणि तिकिटे संपली होती.

जॉयसने फोन ठेवला. सांगितले तर तो जे वाजवतो आहे असे त्याला वाटते, ते तिच्या एका वाक्याने संपणार होते. नाही सांगितले तर त्याला ते चारशे लोकांसमोर कळणार होते. पुढचे सहा दिवस ती घरात नीट बसली नाही. जेवायच्या सुट्टीत घरी आली तरी दीड वाजले की बाहेर पडायची, दोन मिनिटांत परत यायची.

रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर तिने फोन त्याच्यासमोर ठेवला.

मेल्विनने दोनदा ऐकले. म्हणाला, फोनचा माइक भिकार आहे. तिने सांगितले, हेडफोन न लावता वाजव. त्याने खांदे उडवले, क्लॅरिनेट जोडला, मार्च सुरू केला. तिसरी ओळ आली. ‘मि’.

तो थांबून हाताकडे बघू लागला. उजव्या हाताची अनामिका छिद्रावरून सुटून तळहाताकडे वळली होती. डाव्या हाताने त्याने ती सरळ केली. परत वाजवले. ती परत वळली. सात-आठ वेळा त्याने हे केले. मग क्लॅरिनेट पलंगावर ठेवला.

“किती दिवस ऐकतेयस?”

“मार्च पंधरा दिवस.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं दीड वर्ष,” जॉयस म्हणाली. “मला वाटलं जॅझ आहे.”

मेल्विनचा आवाज चढला नाही. “बावीस वर्षं झाली लग्नाला. मी चुकत होतो आणि तुला वाटलं, असंच असतं.”

“कसं असतं ते तू कधी सांगितलंस मला?”

आधीच स्वीकारलेले दुपारचे निमंत्रण होते, जॉयसच्या चुलतभावाकडे. तिथे दोघे गेले, जेवले, लोकांशी बोलले आणि एकमेकांशी न बोलता परत आले.

मुंबईच्या मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. कारखानीस यांना निदानाला वीस मिनिटे लागली. विकार जुना होता, वादकांना होणारा. बोट लुळे नसते. त्याच बोटाने शर्टाची बटणे लागतात, घास घेता येतो. फक्त वाद्यावर ठेवले की वळते, कारण तीच बारीक हालचाल हजारो वेळा करून मेंदूतल्या शेजारच्या बोटांच्या जागा एकमेकींत मिसळून जातात. काय वाजवायचे हे मेंदू अचूक ठरवतो. कसे, इथे गाडी घसरते. लवकर लक्षात आले तर वाजवणे थांबवून बोटाला नव्याने शिकवता येते. वादक बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच येतात, डॉक्टर म्हणाल्या; त्यांना कान सांगतो. तुम्हाला कानाने सांगितलं नाही?

मेल्विनने पूर्वनादबद्दल सांगितले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले.

कंपनीचा अभियंता घरी आला. यंत्राच्या माइकवर खरा क्लॅरिनेटही नोंदला जात होता. मनातला स्वर आणि माइकवरचा स्वर यांत फरक पडला की यंत्र मनाच्या बाजूने निकाल देई आणि फरक ‘खरखर’ म्हणून बाजूला टाकी. अभियंत्याने ती टाकलेली खरखर काढून बघितली. पहिला फरक ११ जून २०४२ चा होता. चौदा महिने, दिवसाला तीन तास, मेल्विनने चुकीची हालचाल पक्की केली होती आणि बक्षीस म्हणून प्रत्येक वेळी बरोबर स्वर ऐकला होता. आता बोट सुधारायला निदान एक वर्ष लागेल, आणि सुधारेलच असे नाही, असे डॉक्टरांचे मत पडले. तोवर वाजवताना ते बोट वापरायचेच नाही.

कंपनीला अर्थातच मार्ग दिसत होता. गोथेनबर्गला पट्टी लावूनच वाजवा. सभागृहात स्पीकरमधून मनातला क्लॅरिनेट येईल. इरावतीलाही ते पटले. तिने व्हिडिओवर बराच वेळ समजावले. शेवटी म्हणाली, “मनात येतं तेच तुझं संगीत ना? बोट काय, नुसतं अवजार.”

“मनात मी कधीच चुकत नाही, इरा,” मेल्विन म्हणाला. “मनात तर बस्त्याव काकाही क्लॅरिनेट वाजवतो.”

“ऐकू येतंय मला,” पलीकडच्या ओट्यावरून बस्त्याव काका म्हणाला.

तरी मेल्विनने लगेच नकार कळवला नाही. चार दिवस तो घरभर फिरत राहिला. फ्रिज उघडायचा, बंद करायचा. जेवताना टेबलावर बोटे वाजवायचा, मग लक्षात आले की हात मांडीखाली दाबून ठेवायचा. पाचव्या दिवशी दुपारी जॉयस घरी आली तर घर शांत होते. खोलीचे दार उघडे होते. मेल्विन पट्टी आणि हेडफोन लावून खुर्चीत बसला होता. डोळे मिटलेले, हात मांडीवर पालथे, भुवया वाजवताना वर जातात तशा जात होत्या. क्लॅरिनेट पेटीत बंद होता.

तिची चाहूल लागताच त्याने डोळे उघडले, हेडफोन काढले.

“वाद्य लागतच नाही,” तो म्हणाला. “फार चांगलं वाजलं. इतकं चांगलं मी कधी वाजवलेलं नाही.”

संध्याकाळी त्याने यंत्र खोक्यात भरून कंपनीला परत पाठवायला ठेवले आणि जॉयसला सांगितले की इरावतीला नाही म्हणून कळवून टाक, माझ्याच्याने होणार नाही.

जॉयसने कळवले नाही. तिने त्याला विचारले, त्या बोटाशिवाय किती स्वर अडतात. खालचे चार आणि मधले चार, आठ, तो म्हणाला, ‘रे’ त्यातलाच. मग ते आठ सोडून वाजव, ती म्हणाली. मेल्विन तिच्यावर चिडला. जॅझमध्ये असे काही सोडता येत नाही. विचार करायच्या आत हात तिकडे गेलेला असतो.

“मग आधीच लिहून ठेवलं तर? मार्चसारखं?”

इरावतीने दहा दिवसांत रचना लिहिली. क्लॅरिनेट आणि पियानो, एकवीस मिनिटे. त्या आठांपैकी एकही स्वर नाही. सुचलेले काही घालायचे नाही, वाढवायचे नाही, एका स्वराचाही फेरफार नाही, असे तिने पहिल्या पानावर लाल अक्षरांत बजावले होते. डॉक्टरांनी एवढ्यापुरती परवानगी दिली. मास्तरांचा मार्च सोडला तर बँड सोडल्यापासून मेल्विनने लिहिलेले संगीत टाळले होते. आता त्याला तेवढेच उरले होते.

आणि जॉयस पहिल्यांदा त्या खोलीत बसू लागली. नोटेशन वाचायला ती बस्त्याव काकाच्या भाचीकडून शिकली, अडखळत, बोट ठेवून. स्वर चुकला की ती पेन्सिल वर करायची. मेल्विन वैतागायचा. म्हणायचा, पास्कू मास्तर बरे होते, ते निदान रविवारी सुट्टी द्यायचे. एकदा त्याने क्लॅरिनेट ठेवून दिला आणि दीड दिवस हात लावला नाही. पण ऑक्टोबर संपेपर्यंत एकवीस मिनिटांतला प्रत्येक स्वर जॉयसला पाठ झाला होता, आणि कोणता कोणत्या बोटाने निघतो तेही.

रविवार, १५ नोव्हेंबर. गोथेनबर्गमध्ये दुपारचे चार. जॉयस तिसऱ्या रांगेत, उजवीकडे, जिथून त्याचा उजवा हात दिसेल अशा खुर्चीवर बसली होती. मांडीवर कागद नव्हता, गरज नव्हती.

मेल्विन नीट वाजवत होता. लोकांना नीट वाटत असावे. ते खोकत नव्हते. जॉयसला मात्र त्याचे खांदे दिसत होते. तो एखाद्या अरुंद बांधावरून चालत होता, खाली न बघता. तेरा मिनिटे तो लिहिल्याप्रमाणे चालला. अनामिका वाद्यापासून दूर, ताठ.

चौदाव्या मिनिटाला संथ भाग येतो. क्लॅरिनेट उतरत येतो आणि ‘मि’वर थांबतो. इरावतीने तो तिथेच थांबवला होता, कारण पुढची पायरी ‘रे’ होती.

मेल्विनने ‘रे’ वाजवला.

स्वर अर्धा हवेचा होता, कडेला चिरलेला. दोन मात्रा टिकला. जॉयस खुर्चीत पुढे सरकली. त्याचे बोट बिघडले की ‘रे’चा ‘मि’ होत असे; ‘मि’चा ‘रे’ होऊच शकत नव्हता. त्या स्वरासाठी अनामिका छिद्रावर जाऊन बसावी लागते, आणि ती आपोआप जात नव्हती. हा स्वर चुकून आला नव्हता. कागदावरही नव्हता. त्याच क्षणी सुचला होता, आणि डॉक्टरांनी मनाई केलेल्या बोटाने त्याने तो वाजवला होता. चारशे लोकांत हे पियानोवरच्या इरावतीला कळले, तिची मान झटकन वर आली. आणि जॉयसला कळले.

मिनिटभराने तीच जागा परत आली. लोकांना ‘मि’ ऐकू आला, जसा लिहिला होता तसा. पण जॉयसची नजर हातावर होती. अनामिका खाली आली, छिद्रावर टेकली, आणि वळली. मग ती पुन्हा ताठ झाली, आणि उरलेली पाने मेल्विनने लिहिल्याबरहुकूम संपवली.

टाळ्या संपल्यावर ती मागच्या खोलीत गेली. इरावती बाहेर लोकांत अडकली होती. मेल्विन एकटाच खुर्चीवर बसला होता, उजवा हात डाव्या हातात धरून. कपाळावर घाम होता. तिने पाण्याची बाटली उघडून त्याच्यासमोर धरली.

“पहिला ‘रे’ आला,” ती म्हणाली. “दुसरा नाही आला.”

“दुसरा ‘मि’च लिहिलेला होता.”

“बोट खाली गेलं होतं. बघितलं मी.”

मेल्विनने बाटली घेतली, दोन घोट प्यायला. उजव्या हाताची बोटे एकेक करून उघडली आणि मिटली.

“हो,” तो म्हणाला. “ऐकलं मी. दोन्ही ऐकले.”